हद्दपार, तडीपार की स्थानबद्ध?

प्रश्न : रशियन क्रांतिकारक आणि लेनिनच्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांच्यावर लेख लिहिते आहे. ‘त्यांना सायबेरियात हद्दपार केले’ या वाक्यात ‘तडीपार’ चालेल का? वाचकांना चटकन कळतो.

– कळतो, पण भलताच अर्थ कळतो. तडीपार माणसाला जिल्ह्याबाहेर काढतात. पुढे तो मामाकडे राहो की मेहुण्याकडे. क्रुप्स्कायांना झालेल्या शिक्षेची, रशियन ‘स्सिल्का’ची, तऱ्हा उलटी. गाव सरकार नेमून देणार, परवानगीशिवाय तिथून हलायचं नाही, वर पोलिसांची नजर. ‘स्थानबद्ध’ जास्त जवळचा.

– स्थानबद्ध म्हटलं की सावरकरांची रत्नागिरी आठवते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, हा भाग जुळतो. पण झारच्या शिक्षेत घरापासून दूर पाठवणं हीच मेख होती, ती ‘स्थानबद्ध’मध्ये येत नाही. एकट्या ‘हद्दपार’मध्ये डांबून ठेवणं येत नाही. दोन्ही शब्द वापरा, एकावर भागवू नका.

आणि शब्दाआधी वाक्यच तपासा. क्रुप्स्काया बाई १८९१ पासून सेंट पीटर्सबर्गमध्ये कामगारांच्या रविवारच्या शाळेत शिकवत होत्या. १८९६ मध्ये अटक झाली, शिक्षा झाली ती उफा प्रांताची. उफा तर उरल पर्वताच्या अलीकडे, युरोपच्या बाजूला; सायबेरिया पलीकडे! सायबेरिया त्यांनी अर्ज करून मागून घेतला, कारण लेनिन तिकडे शुशेन्स्कोये गावात शिक्षा भोगत होते. सरकारची अट अशी की लगेच लग्न करा, नाहीतर उफाला परत. मे १८९८ मध्ये त्या आईला घेऊन पोचल्या, जुलैत चर्चमध्ये लग्न. नास्तिकांचं लग्न चर्चमध्ये लावायला झारशाहीच हवी! अंगठ्या तांब्याच्या, सोबतच्या एका फिनिश कैद्याने घडवलेल्या. १९०० मध्ये लेनिन सुटले, बाईंची मुदत उरली होती. ती त्यांनी उफातच काढली, शिकवण्या घेत.

– लेखात ‘लेनिनची पत्नी’ एवढ्यावर थांबू नका. स्त्री कामगारांवरची पुस्तिका त्यांनी सायबेरियातच लिहिली, पुढे ती ‘साब्लिना’ या टोपणनावाने निघाली. मात्र ‘शिक्षणमंत्री’ही लिहू नका. १९२९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, त्या शिक्षण खात्याच्या उपकमिसार होत्या. आपल्याकडच्या हिशेबात उपमंत्री.

प्रश्नकर्ती : मग असं लिहू? ‘त्यांना उफा प्रांतात हद्दपारीची शिक्षा झाली, स्वतःच्या विनंतीवरून त्यांना आधी सायबेरियातील शुशेन्स्कोये येथे स्थानबद्ध ठेवण्यात आले.’

– चालेल. ‘ठेवण्यात आले’ऐवजी ‘ठेवले’ करा, सरकारी वास जाईल.