मदत हवी आहे: २० इंची चाकाला बसेल असा डिस्क ब्रेकचा चिमटा (फोर्क)

घाटउतार:

नमस्कार मंडळी,

राहायला साताऱ्यात. माझ्याकडे २० इंची चाकांची, मधून दुमडणारी लोखंडी सायकल आहे. जुनीच घेतलेली. एसटीच्या डिकीत जाते, जिन्याखाली मावते, म्हणून तिच्यावर जीव आहे. तक्रार एकच, पुढचा ब्रेक.

गेल्या जुलैत कासहून यवतेश्वर घाटाने उतरत होतो. धुकं, वरून भुरभुर, रस्त्यावर डोंगरातून आलेला लाल चिखल. दोन्ही लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबले तरी सायकल आपली चाललीच आहे. रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत ब्रेक लागत नाही, आणि लागतो तेव्हा एकदम लागतो. एका वळणावर समोरून जीप आली आणि मी चपला घासत गटाराच्या कडेला जाऊन थांबलो. घरी येऊन बघतो तर ब्रेक रबर संपून आतली धातूची पट्टी रिमला लागलेली, रिमवर नख अडकेल एवढी चर. रबर घालून आठ महिनेही झाले नव्हते.

तेव्हापासून डोक्यात डिस्क बसली आहे. पण सध्याच्या चिमट्याला कॅलिपर (डिस्क दोन्हीकडून पकडणारा भाग) लावायला जागाच नाही. दुकानात गेलं की एकच उत्तर: "२६ चा देतो, २७.५ चा देतो, २० मध्ये पोरांच्या सायकलचा शॉकअपवाला आहे." एक वेल्डिंगवाला म्हणाला, "चिमटा आणा, तीनशे रुपयात कॅलिपर बसवायचा कान चिकटवून देतो."

तर साधा, शॉकअप नसलेला, डिस्कचा कान असलेला २० इंची चिमटा मिळतो का? कुठे? आणि २६ चा घातला तर काय बिघडतं? चाक माझं तेच वापरणार आहे, खर्च वाढवायचा नाही.

हिशेबी:

शेवटच्या वाक्यापासून सुरू करू. चाक तेच राहणार नाही. डिस्क चाकाला बसते ती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, सहा बोल्टांनी नाहीतर खाचांच्या चकतीने. तुमच्या हबला ती सोय नसणार. म्हणजे हब नवीन, तारा नवीन, चाक पुन्हा बांधायचं. तुम्ही चिमटा शोधताय, पण खरेदी चिमटा, चाक आणि ब्रेक अशी तिन्हीची आहे. हे आधी पचवा.

आता मोजमापं. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-४०६ असं काहीतरी छापलेलं असेल. दुसरा आकडा ४०६ आहे का ४५१, ते सांगा. दोन्हींना बाजारात २० इंचीच म्हणतात आणि दोन्हींच्या रिममध्ये साडेचार सेंटिमीटरचा फरक आहे. डिस्कला रिमशी देणंघेणं नसल्याने चिमटा घेताना हे थोडं कमी अडतं, टायर रुंदीसकट आत फिरला म्हणजे झालं. पण रिम घ्यायला गेलात की अडेल.

मग पुढचं चाक काढा आणि चिमट्याच्या दोन पायांमधलं आतलं अंतर मोजा. ७४ मिमी भरलं तर दचकू नका. डाहोनसारख्या दुमडत्या सायकलींना पुढचा हब अरुंदच असतो. सर्वसाधारण डिस्क हब १०० मिमीचा. ७४ चा डिस्क हब बनतो, पण आपल्याकडे शोधत बसाल.

तिसरं, चिमट्याची वरची नळी, जी फ्रेमच्या डोक्यातून वर येते. बाहेरून २५.४ का २८.६? वर आटे आहेत का सपाट आहे? आणि तुमचा दुमडणारा हँडलचा खांब त्या नळीला कसा धरतो? इथे बहुतेकांचा पोपट होतो. चिमटा सगळ्या मापात बसतो आणि खांबच बसत नाही.

चौथं माप उंचीचं: ॲक्सलपासून चिमट्याच्या खांद्यापर्यंत. तुमच्या २६ च्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. दोन चाकांमधलं अंतर एक मीटर धरलं तर पुढची बाजू २० मिमी उचलली की हँडलचा कोन साधारण एक अंशाने लोळतो. तुमचा चिमटा ३०० च्या आसपास असेल, २६ चा शॉकअपवाला सहज ४५० च्या पुढे. म्हणजे सात-आठ अंश. सायकल राहणार नाही, आरामखुर्ची होईल. पायडलही वर येतील.

रबरवादी:

एवढा खटाटोप कशाला? चांगल्या प्रतीचे रबर घाला, चर पडलेली रिम बदला. दीड हजारात काम. माझी २० इंची दहा वर्षं तशीच चालू आहे.

घाटउतार:

तुम्ही पुण्यात सपाटीवर चालवत असाल. इथे नाक्यावर दूध आणायचं तरी उतार आहे.

लेथमामा:

वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नका. तीस वर्षं लेथ आणि वेल्डिंग दोन्ही केलंय, म्हणून सांगतो.

हिशेब मांडू. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला तर टायर आणि रस्त्यामध्ये चाळीसेक किलोचा जोर येतो. तुमच्या चाकाची त्रिज्या साधारण २४५ मिमी. रिम ब्रेकचं रबर धरतं २०० च्या आसपास, म्हणजे तिथे पन्नास किलो, आणि तेही वर, चिमट्याच्या खांद्याजवळ, जिथे लोखंड जाड. डिस्कचं पॅड धरतं केंद्रापासून ७० ते ७५ मिमीवर. तिथे तोच जोर होतो एकशेचाळीस किलोच्या घरात. आणि तो सगळा एकट्या डाव्या पायाला, तळाशी, जिथे नळी निमुळती होऊन सगळ्यात पातळ झालेली असते. वर तिथेच वेल्डिंगने लोखंड तापवून ठेवलेलं. कान तुटणार नाही, कानाच्या वरच्या कडेला नळी दुमडेल. सायकल दुमडती आहे म्हणून चिमटाही दुमडता नको.

ॲल्युमिनियमचा असेल तर वेल्डिंगचं नावच काढू नका, तापवला की त्याची ताकद जाते.

आणखी एक. कॅलिपर पायाच्या मागे असतो, त्यामुळे ब्रेक मारला की ॲक्सल चिमट्याच्या टोकाच्या खाचेतून खाली निसटू पाहतो. डिस्कसाठी बनवलेल्या चिमट्याच्या खाचेला कडेने ओठ असतात, नाहीतर खाच पुढे वळवलेली असते. कान आहे पण हे नाही, असा चिमटा कोणी दिला तर परत करा.

भिजका कोकणी:

चिपळूणहून रामराम. पावसाचं दुःख आम्हाला सांगू नका.

तिसरा मार्ग सुचवतो, ड्रम ब्रेकचा हब. स्टर्मी आर्चरचा ७० मिमी ड्रमचा पुढचा हब येतो. सगळं हबच्या पोटात बंद, पाणी नाही, चिखल नाही, रिम घासत नाही. बाहेर येणारा दांडा चिमट्याच्या पायाला पट्टीने बांधायचा, कान लागत नाही. माझ्या बायकोच्या सायकलला आहे, चार पावसाळे झाले, हात लावलेला नाही. वजन जास्त आणि डिस्कसारखा कचकन लागत नाही, एवढंच. पण लेथमामांचं म्हणणं इथेही लागू, दांडा पायालाच जोर देतो. पाय काडीसारखा असेल तर नको. आणि १०० मिमी जागा इथेही हवी.

लुधियानाफेरी:

धंद्यानिमित्त लुधियानाला जाणं होतं. गिल रोडला चिमट्यांचे ढीग आहेत, पण घाऊकवाला एक नग काढून देत नाही, आणि साधा डिस्कवाला २० इंची विचारलात तर "बच्चों वाला?" म्हणून शॉकअपच दाखवतो. तो घेऊ नका. भाच्याच्या सायकलचा मोजला होता, उंची ३७० भरली. आतली स्प्रिंग पोराच्या वजनाची, तुम्ही बसलात की तळालाच टेकेल.

तुम्ही दुमडत्या इ-सायकलींच्या दुरुस्तीवाल्यांना विचारा. त्यांच्यात २० इंची चाक आणि पुढे डिस्क ही जोडी सर्रास असते, आणि बॅटरी-मोटर गेली की सांगाडा भंगारात पडून असतो. अलीएक्सप्रेस ही चिनी खरेदीची साइट भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाल्यापासून बाहेरून सुटा चिमटा मागवणं जिकिरीचं झालंय. पाहुणे परदेशातून येणार असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना चिवड्याच्या बदल्यात चिमटा आणायला सांगा.

बाकी मोठ्या कंपन्याही इकडेच वळल्यात. दुमडत्या सायकली बनवणाऱ्या ब्रॉम्प्टनने २०२४ मध्ये 'G Line' नावाची सायकल काढली, ती २० इंची आणि डिस्कवालीच.

घाटउतार:

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर सायकल उलटी करून बसलो, शेजारच्या आयटीआयवाल्या पोराचा व्हर्नियर मागून आणला. टायर ४०६. पायांमधलं अंतर ७४, हिशेबींनी बरोब्बर ओळखलं. वरची नळी २८.६, सपाट. उंची २९८. खांब नळीला बाहेरून आवळतो, बोल्ट दोन. म्हणजे निदान पोपट झालेला नाही.

हिशेबी:

मग तुम्ही नशीबवान. चिमटा बघताना कानाची भोकं मोजा. भोकं आडवी, म्हणजे ॲक्सलच्या दिशेने, आणि त्यांच्यात ५१ मिमी अंतर असेल तर तो आयएस (इंटरनॅशनल स्टँडर्ड) कान, कॅलिपर आणि कान यांच्यामध्ये अडॅप्टर लागेल. बोल्ट मागून पुढे जात असतील आणि अंतर ७४ असेल तर पोस्ट माउंट, कॅलिपर थेट बसेल. (हे ७४ आणि हबचे ७४ यांचा संबंध नाही. मीही एकदा गोंधळलो होतो.) १६० ची डिस्क भरपूर झाली. चाक लहान असल्याने ती मोठ्या सायकलवरच्या १६० पेक्षा जास्त जोरात धरते, सुरुवातीला एकाच बोटाने दाबा.

चाक बांधणाऱ्याला सांगा, तारा सरळ हबमधून रिमकडे अशा नकोत, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या हव्यात. डिस्क हबला पिळते, सरळ तारा ते झेलत नाहीत. लहान रिममध्ये तीनदा ओलांडायला गेलं तर तारा निपलपाशी वाकतात. दोनदा पुरे.

घाटउतार:

तीन आठवड्यांनी हजर.

चिमटा मिळाला! कोल्हापुरात एका इ-सायकलवाल्याकडे भंगारात पडलेला, लोखंडी, आयएस कान, १०० मिमी, खाचेला ओठ. उंची ३१२, म्हणजे माझ्यापेक्षा १४ मिमी जास्त, पाऊण अंशाचा मामला. सहाशे रुपये घेतले. नळी लांब होती ती हॅकसॉने कापली, टोक कानशीने घासलं. खालच्या बेअरिंगची कडी चिमट्यावर ठोकायला जुनी पाण्याची पाइप वापरली, दोन ठोक्यात बसली.

हब २८ भोकांचा, रिमही तेवढ्याच भोकांची. इतक्या आखूड तारा तयार मिळेनात, दुकानदाराने लांब तारा कापून आटे पाडून दिल्या. चाक बांधायला दोन दिवस लावले त्याने, पण आउट अजिबात नाही. कॅलिपर केबलवाला, तेल-बिल नको म्हटलं.

दोन अडचणी उरल्यात. एक, या चिमट्याला मडगार्डचं भोकच नाही, पावसाळा तोंडावर आहे. दुसरी जास्त त्रासदायक. सायकल डावीकडे दुमडते, त्यामुळे पुढच्या चाकाची डिस्कची बाजू नेमकी आत, मागच्या चाकाच्या अंगावर येते. एसटीत एकदा कोणाची तरी बॅग वर पडली आणि डिस्क किंचित वाकली, आता फिरताना खस्स-खस्स वाजते.

लेथमामा:

मडगार्डला पायांवर रबर लावलेले क्लॅम्प आवळा. चिमट्याला ड्रिल मारू नका! डिस्क पान्याने हळूहळू सरळ होईल, आधी कुठे घासते तिथे स्केचपेनने खूण करा. आणि दुमडताना मध्ये जुन्या स्लीपरचा तळ कापून घाला, वेलक्रोने बांधायचा.

घाटउतार:

स्लीपरचा उपाय एक नंबर! सौ.ची एक स्लीपर गायब आहे, चौकशी चालू आहे.

काल वळवाच्या पावसात यवतेश्वर उतरलो. पहिल्या वळणाला सवयीने दोन्ही लिव्हर आवळले आणि मागचं चाक हवेत. त्यानंतर एका बोटावर खाली आलो. नाक्यावर थांबून बघितलं तर रिम गार, आणि डिस्कवर थेंब पडला की चर्र करून उडत होता.

रबरवादी:

हात लावून बघितला नाहीत ना?

घाटउतार:

लावला. उजव्या तर्जनीला फोड आहे, हे डाव्या हाताने टाइप करतोय.