'काउबॉय बिबॉप': न सुटलेले प्रश्न आणि आपला आवडता भाग

कुशावती (सांगे)

नमस्कार. 'काउबॉय बिबॉप' ही २६ भागांची ॲनिमे मालिका मी गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा पाहिली आणि या मे महिन्यात पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. 'बिबॉप' या अंतराळयानावर राहून, इनामासाठी गुन्हेगार पकडणाऱ्या स्पाइक, जेट, फे आणि एड यांची ही गोष्ट; सोबत आइन नावाचा कुत्रा. दुसऱ्या वेळी तरी मनातल्या शंका फिटतील असे वाटले होते. प्रत्यक्षात त्या वाढल्या, म्हणून हा धागा काढते आहे. शेवटाविषयी उघडपणे लिहिणार असल्यामुळे ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी कृपया इथेच थांबावे.

पहिला प्रश्न सगळ्यांचाच असणार: व्हिशसला, म्हणजे आपल्या जुन्या साथीदाराला आणि आताच्या वैऱ्याला, मारून पायऱ्यांवर कोसळलेला स्पाइक मेला की जगला? पण त्याच्याइतकाच मला एडचा प्रश्न छळतो. २४व्या भागात ती आइनला सोबत घेऊन वडिलांच्या मागे निघते. हे वडील असे, की उल्का पडून पडून सतत बदलणाऱ्या पृथ्वीचा नकाशा काढण्याच्या नादात पोटच्या मुलीला पुन्हा एकदा मागे टाकून गेलेले असतात. तेरा वर्षांची मुलगी आणि एक कुत्रा त्या उजाड माळावरून चालू लागतात आणि त्यानंतर कथा त्यांच्याकडे वळून पाहत नाही. त्यांना वडील भेटले का? तिसरा प्रश्न स्पाइकच्या जुन्या प्रेयसीचा, ज्यूलियाचा. ती बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या आठवणीतूनच दिसते. स्पाइकच्या आठवणीतली ज्यूलिया आणि व्हिशसबरोबर युद्धात असलेल्या ग्रेनने सांगितलेली ज्यूलिया या मला दोन वेगळ्या बायका वाटतात, आणि ती स्वतः समोर येऊन बोलू लागते तोवर मालिका संपत आलेली असते. तिला नक्की काय हवे होते, हे आपल्याला कुणीच सांगत नाही.

माझा आवडता भाग हाच २४वा, 'हार्ड लक वूमन'. मात्र तो एकटा पाहून चालत नाही, त्याच्या आधी १८वा 'स्पीक लाइक अ चाइल्ड' पाहिलेला असावा लागतो. फे व्हॅलेंटाइन ५४ वर्षे शीतनिद्रेत होती आणि जागी झाली तेव्हा तिला स्वतःविषयी काहीही आठवत नव्हते, हे आपण सर्व जाणतो. १८व्या भागात तिच्या नावाने बीटामॅक्सची एक जुनी कॅसेट येते. ती लावण्यासाठी स्पाइक आणि जेट पृथ्वीवरच्या एका पडक्या इमारतीत जिवावर उदार होऊन उतरतात, यंत्र पाठीवर वाहून आणतात आणि ते व्हीएचएसचे, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या कॅसेटचे, निघते. अखेर कॅसेट लागते तेव्हा पडद्यावर लहानगी फे मोठ्या फेला ओरडून ओरडून धीर देत असते आणि मोठी फे म्हणते की, मला हे आठवत नाही. २४व्या भागात त्याच चित्रफितीतल्या, तोंडातून पाणी सोडणाऱ्या सिंहाचा, म्हणजे सिंगापूरच्या मर्लायनचा, माग धरून ती आपल्या गावी पोहोचते. पुढे तिला सगळे आठवते. ती चढ धावत चढते आणि वर घर नसते, नुसते अवशेष असतात. मग ती एक काठी उचलते, मातीत आपल्या बिछान्याएवढा चौकोन आखते आणि त्यात आडवी होते.

हे दृश्य माझ्या मनात इतके का रुतले ते सांगते. माझ्या आजीचे माहेर गोव्यातले कुर्डी. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे तेच हे गाव. मे महिन्यात पाणी ओसरले की गाव पुन्हा वर येते, तेव्हा वाडे आणि वालकिणी या गावांत वसवलेली माणसे सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात आणि ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, जातात. गेल्या वर्षी मी आजीबरोबर गेले होते. भेगाळलेला चिखल, माडांची काळी पडलेली खोडे आणि चिऱ्यांचे चौथरे, एवढेच काय ते उरले आहे. आजी आपल्या चौथऱ्यापाशी थांबली, तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, एका चिऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि उजवे पाऊल आधी टाकून आत गेली. भिंत नव्हती, दार नव्हते; कुठूनही आत शिरता आले असते, पण ती उंबऱ्यावरूनच गेली. फेची काठी पाहिली तेव्हा मला त्या चपला आठवल्या. आपणा सर्वांचे आवडते भाग कोणते आणि वरच्या प्रश्नांवर आपले मत काय, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

हळदोणेकर

कुशावतीताई, आपला धागा वाचून मी आज दुपारी 'ज्युपिटर जॅझ'चे दोन्ही भाग, म्हणजे १२वा आणि १३वा, पुन्हा पाहिले. माझे आवडते भाग हेच. आमच्या हळदोण्यात ट्रम्पेट हे काही परदेशी वाद्य नव्हे. चर्चच्या शाळेत मेस्तांकडून, म्हणजे संगीतशिक्षकांकडून, सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणे) शिकून, व्हायोलिन आणि ट्रम्पेट हाती घेऊन मुंबईला गेलेल्यांची आठवण इथल्या कितीतरी घरांत आहे. ज्यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, ते चिक चॉकलेट हळदोण्याचेच. रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा सी. रामचंद्र यांच्याबरोबर चित्रपटांच्या गाण्यांवर काम करायचे. 'अलबेला' (१९५१) ऐकताना पितळी वाद्यांचा जो झणका जाणवतो, त्याच्यामागे ही मंडळी होती. म्हणून या मालिकेचे, योको कान्नो यांचे, संगीत पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मला ते जपानचे किंवा अमेरिकेचे वाटले नाही, शेजारच्या घरातून यावे तसे ते आले.

आता ग्रेनविषयी. टायटन या शनीच्या चंद्रावरच्या युद्धात व्हिशसने त्याला एक संगीतपेटी दिली होती. तिच्यातली धून तो पुढे सॅक्सोफोनवर वाजवत राहिला, आणि त्याच पेटीत आपल्याला फसवणारे यंत्र दडवलेले होते हे त्याला ज्यूलियाकडून कळले. ज्या माणसाने दगा दिला त्याचीच धून तो वाजवत होता आणि कळल्यावरही त्या धुनेचे सौंदर्य कमी झाले नाही. भागाच्या शेवटी मरणाच्या दारात असलेला ग्रेन टायटनकडे जाऊ इच्छितो, स्पाइक त्याचे यान ओढून दूरवर नेतो आणि सोडून देतो. तिथे 'स्पेस लायन' सुरू होते. एकटा सॅक्सोफोन हळूहळू ढोलांच्या ठेक्यात आणि मग माणसांच्या आवाजात मिसळत जातो. सात मिनिटांहून मोठी ही रचना मी दिवे मालवून ऐकतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तरही मला याच भागात सापडते. ग्रेन जातो तेव्हा लाफिंग बुल हा म्हातारा द्रष्टा आणि त्याच्याजवळचा मुलगा आकाशातून तारा पडताना पाहतात आणि म्हातारा त्याला तो कुणा योद्ध्याचा अश्रू असल्याचे सांगतो. २६व्या भागात जेट त्याच म्हाताऱ्याकडे स्पाइकचा पत्ता विचारायला जातो, आणि अखेरीस, 'ब्लू' हे गाणे संपता संपता, आकाशातला एक तारा विझतो. दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे यांनी १३व्या भागात खूण शिकवली आणि २६व्यात ती वापरली. शिवाय एरवी भागाच्या शेवटी काउबॉयला निरोप देणारी पाटी असते. शेवटच्या भागात तिच्या जागी, हे ओझे तुला वाहायचे आहे, अशा अर्थाची पाटी येते. मेलेल्या माणसाला कुणी ओझे वाहायला सांगत नाही. ती पाटी जेटसाठी आहे, फेसाठी आहे आणि पाहणाऱ्यासाठी आहे. माझ्या मते स्पाइक गेला, आणि गेला म्हणूनच ती पाटी अर्थपूर्ण आहे.

पेडणेकर८८

हळदोणेकर यांच्या प्रतिसादातला संगीताचा भाग मनापासून पटला, निष्कर्ष मात्र पटला नाही. तारा विझणे ही लाफिंग बुलची श्रद्धा आहे, वैद्याचा दाखला नव्हे. स्पाइक निघतो तेव्हा फे त्याला अडवते. तो तिला आपल्या डोळ्यांविषयी सांगतो, की एक डोळा बनावट आहे आणि तेव्हापासून एका डोळ्याने भूतकाळ दिसतो आणि दुसऱ्याने वर्तमान. आणि जाता जाता म्हणतो की, मी मरायला जात नाही, मी खरोखर जिवंत आहे का ते पाहायला जातो आहे. जो माणूस इतक्या स्पष्टपणे आपला हेतू सांगतो, त्याचे शब्द बाजूला ठेवून आपण आकाशाकडे का पाहावे? स्वतः वातानाबे यांनीही तो मेला असे अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. २००१ सालचा चित्रपटही २२व्या आणि २३व्या भागांच्या मधल्या काळात घडतो, शेवटाच्या पलीकडे जात नाही. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी ते दार लोटून ठेवले आहे, कडी घातलेली नाही.

माझा आवडता भाग ११वा, 'टॉइज इन द ॲटिक'. फ्रिजमध्ये वर्षभराहून अधिक काळ विसरलेल्या लॉब्स्टरमधून विषारी जीव तयार होतो आणि यानावरचा एकेक जण आडवा पडतो. आम्ही मासे खाणारी माणसे, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा खारे आणि सुके जपून ठेवणारी. त्यामुळे साठवणीतला मासा विसरणे किती गंभीर आहे, हे आम्हाला वेगळे समजावावे लागत नाही. तो फ्रिज अंतराळात भिरकावला जातो आणि त्या शांततेत चायकॉव्स्कीचा फुलांचा वॉल्ट्झ वाजतो, ते दृश्य मला फार सुंदर वाटते.

अंत्रुज

मी फोंड्याचा. स्पाइकविषयीचा वाद मला मिटवायचा नाही, पण एडविषयी थोडे लिहितो, कारण तिच्याविषयी कुणी फारसे बोलत नाही.

त्याआधी एक माहिती, जी मला पुष्कळ उशिरा कळली. १९९८ साली एप्रिल ते जून या काळात टीव्ही टोकियोने ही मालिका पहिल्यांदा दाखवली, तेव्हा २६पैकी निम्मेही भाग दाखवले नव्हते. पूर्ण मालिका वोवोव या वाहिनीवर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागली. पहिल्या प्रक्षेपणात १८वा भाग होता आणि २४वा नव्हता. म्हणजे त्या प्रेक्षकांनी फेची कॅसेट पाहिली, तिला काही आठवत नाही हेही पाहिले, आणि घर मात्र पाहिलेच नाही. कित्येक महिने त्यांच्यासाठी फेची गोष्ट तिथेच थांबलेली असणार. आपण सारे भाग एका दमात पाहतो, त्यामुळे कुशावतीताईंनी ज्या दोन भागांचा धागा जोडून दाखवला, त्यांच्यामधला तो खंड आपल्या वाट्याला येत नाही.

आता एड. तिला वडील भेटले का, या प्रश्नापेक्षा ती का गेली हा प्रश्न मला मोठा वाटतो. फे तिला सांगते की, आपले माणूस जिथे आहे तिथे जावे, वाट पाहणारे कुणी असणे ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. फे हे स्वतःच्या घराकडे निघताना, पूर्ण विश्वासाने सांगते. एड ते ऐकते आणि जाते. पुढे सल्ला देणारीला घर मिळत नाही आणि सल्ला घेणारीचे वडील धुरळा उडवत निघून जातात. पटकथेने या दोघींच्या वाटा एकाच भागात अशा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि एकीचे काय झाले ते दाखवून दुसरीचे दाखवलेले नाही.

माझ्यासाठी त्या भागाचा कळस मात्र घराच्या दृश्यात नसून बिबॉपवर आहे. जेटने सगळ्यांसाठी उकडलेली अंडी मांडलेली असतात. एड गेली, फे गेली, आइन गेला. जेट आणि स्पाइक समोरासमोर बसतात आणि एक शब्दही न बोलता, गेलेल्यांच्या वाटणीची अंडीसुद्धा तोंडात कोंबत राहतात. पार्श्वभूमीला 'कॉल मी कॉल मी' चालू असते. दोघांपैकी कुणीही घास नीट चावत नाही, नुसता गिळतो. माझा भाऊ बोटीवर कामाला आहे. तो नऊ महिन्यांच्या कंत्राटावर निघाला, त्या दिवशी आईने सवयीने त्याच्याही वाटणीच्या पोळ्या केल्या होत्या आणि त्या रात्री बाबांनी आणि मी त्या अशाच खाल्ल्या. एड पुढे कुठे पोहोचली ते मला सांगता येणार नाही, पण मागे राहिलेल्या ताटाचे काय झाले ते त्या दृश्यात पूर्णपणे सांगितलेले आहे.

कुशावती (सांगे)

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. हळदोणेकर, आपण सांगितल्याप्रमाणे 'स्पेस लायन' दिवे मालवून ऐकले. ज्यूलियाविषयीचा माझा प्रश्न त्याने सुटला नाही, पण ती धून ग्रेनकडे कुणाकडून आली आणि तिच्यातला दगा त्याला कुणी सांगितला, हे लक्षात ठेवून तो भाग पाहिला तेव्हा ज्यूलिया मला पहिल्यांदा जवळची वाटली. तिने ग्रेनला सत्य सांगितले, आणि स्पाइकच्या वाट्याला मात्र तिची तीन वर्षांची गैरहजेरी आली. पेडणेकर, स्पाइकच्या त्या वाक्याला मी पुरेसे महत्त्व दिले नव्हते, हे मान्य करते. तरीही माझा कल अजून हळदोणेकरांच्या बाजूला आहे.

अंत्रुज, आपला प्रतिसाद वाचल्यावर मी काल संध्याकाळी आजीला शेजारी बसवून तो भाग दाखवला. संवाद तिला कळत नव्हते, मी अधूनमधून सांगत होते. फे चौकोन आखून आडवी झाली तेव्हा आजीने मला थांबवायला सांगितले आणि बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे पाहत राहिली. मग विचारले, "पुढे त्या पोरीचे काय झाले?" मी सांगितले की, ती यानावर परत येते आणि स्पाइकला म्हणते की, परत यायला तिला हीच एक जागा उरली होती.

आजी म्हणाली, "आली ते बरे झाले. मग जेवली का?"

मी काही बोलले नाही. चित्र पुढे सरकवले, तर पडद्यावर ते दोघे तिची अंडी खात होते.