आजेसासूबाईंची पैठणी: जुनेर की व्हिंटेज?

सईची आई: ट्रंकेत आजेसासूबाईंची नऊवारी पैठणी सापडली. घडीवर विरलीय, जरीचे काठ काळे पडलेत. जाऊबाई म्हणतात, बोहारणीला दे. किती वर्षांनी व्हिंटेज म्हणतात हो?

काठपदर: बोहारणीला? अजिबात नको! बाजारात साधारण वीस वर्षांपुढचं व्हिंटेज, शंभरीपुढचं अँटिक. पण नुसत्या वयाला मी तरी विचारत नाही; वीस वर्षांपूर्वीची पॉलिस्टर साडी कोण जपतंय! पदर उलटून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, लोंबते धागे नसतात. काठ काळे पडलेत म्हणजे जरीत खरी चांदी असण्याची आशा आहे, चांदी काळवंडते. तांबंही काळवंडतं म्हणा, तेव्हा सोनाराला दाखवाच. आणि हँगरला लावू नका, वजनाने आणखी फाटेल. मलमलीत गुंडाळून ठेवा, घडी अधूनमधून बदला.

नागपूरकर: शंभरी उलटली असेल तर परदेशात विकायच्या भानगडीत पडू नका. 1972 च्या कायद्याने पुरावस्तू खासगीरीत्या निर्यात करता येत नाहीत.

सईची आई: पदर दोन्हीकडून सारखाच! आता जाऊबाईच मागतायत.

काठपदर: देऊ नका.