ऑल-इन-वन होम थिएटर घ्यावं का? (सांगली)

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. बाबा रिटायर झालेत, त्यांना हॉलमध्ये गाणी ऐकायला आणि टीव्हीचा आवाज जरा बरा यायला काहीतरी घेऊन द्यायचंय. दुकानात गेलो तर तिथल्या पोरानं थेट ऑल-इन-वन होम थिएटरसमोरच नेऊन उभं केलं, म्हणजे डीव्हीडी, यूएसबी, ब्लूटूथ, एफएम, कराओके सगळं एकाच डब्यात, वर पाच स्पीकर आणि एक वूफर, खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० वॅट, किंमत १८ हजार आणि दसऱ्याला या म्हणे अजून कमी करतो. हॉल आमचा १० बाय १२. बाबांकडे पत्र्याचा डबा भरून सीड्या आहेत, सगळं नाट्यसंगीत नाहीतर अब्दुल करीम खाँसाहेब. मित्र म्हणतो अजिबात घेऊ नको, पण का ते त्याला नीट सांगता येईना. वापरलेल्यांनी सांगा राव.

कृष्णाकाठ:
नको घेऊ भावा. मी असलंच घेतलं होतं, वाजायला चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. आम्ही गावभागात तळमजल्याला. २०१९ च्या पुरात गडबडीत टीव्ही, सिलेंडर, कागदपत्रं वर नेली आणि ह्याचा मेन डबा न वूफर खालीच राहिले. पाणी उतरल्यावर येऊन बघतोय तर डीव्हीडीच्या ट्रेमधनं चिखल गळतोय. पण भिंतीवर उंच ठोकलेले चार स्पीकर कोरडे ठणठणीत! म्हटलं चला निम्मं तरी वाचलं, एक अ‍ॅम्प्लिफायर आणू आणि जोडू. कसलं काय, वायरीच्या टोकाला उघडी तार नाही, त्या कंपनीचीच रंगीत प्लास्टिकची पिन, दुसऱ्या कशात बसतच नाही. पिन कापली तर स्पीकरच्या मागं लिहिलंय ३ ओहम. दुकानदार म्हणाला साधे अ‍ॅम्प ६-८ ओहमच्या स्पीकरसाठी असतात, ओहम कमी म्हणजे स्पीकर करंट जास्त ओढणार, हे लावून आवाज वाढवला की अ‍ॅम्प तापून बंद पडेल नाहीतर जळेल. म्हणजे एक डबा गेला आणि चांगले स्पीकर भंगार. तीन अजून माळ्यावर आहेत, चौथ्याचं चुंबक पोरानं शाळेच्या प्रोजेक्टला नेलं.

मिरजेचा_मिस्त्री:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण पूर यायलाच लागतो असं नाही. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या ह्या डब्यांत पहिली मरते ती डीव्हीडीची लेन्स, धूळ बसते, मग नो डिस्क नो डिस्क. वेगळा प्लेअर असता तर तो टाकून दुसरा आणला असता, विषय संपला. इथं लेन्स बोर्डाशी, बोर्ड अ‍ॅम्पशी, आणि सगळ्यांना करंट देणारा सप्लाय एकच. लाईट कमीजास्त झाली आणि तो सप्लाय उडाला की गाणी, रेडिओ, टीव्हीचा आवाज सगळं एकदम मुकं. बोर्ड मागवावा तर मॉडेल बंद झालेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं मिस्त्री काहीतरी जुगाड करा, आता जुगाड तरी किती करायचा.

आणि ते १००० वॅट सोडा. डबा उलटा करून मागचं स्टिकर वाचा, वीज किती खातो ते लिहिलेलं असतं. शंभर-सव्वाशे वॅट खाणारा डबा सतत हजार वॅट देणार कुठनं? आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे खरे वॅट, किती ते विचारा, पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, म्हणाला तर हसून पुढं चला.

एकच_रिमोट_बरा:
मी जरा वेगळं बोलते. आमच्याकडे ऑल-इन-वन सहा वर्षं झाली अजून चालू आहे, सासूबाई स्वतः लावतात कारण रिमोट एकच आहे. आधी नवऱ्याने हौसेने सगळं वेगवेगळं जोडलं होतं, तीन रिमोट आणि टीव्हीमागे वायरींचं जाळं, तो घरात नसला की कुणालाच आवाज काढता यायचा नाही, मी सुद्धा मोबाईलवरच बघायचे. एक वैताग मात्र खरा, लाईट गेली आली की आमचा डबा आपोआप एफएमवर जातो, मग टीव्ही दिसतोय आणि आवाज नुसता खर्रर्र. मी रिमोटवरच्या फंक्शनच्या बटणाला लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय, ते दाबत राहायचं. हो, आणि त्यात यूट्यूब होतं ते आता चालत नाही.

मिरजेचा_मिस्त्री:
ताई यूट्यूबचं तसंच होणार. २०१५ ला यूट्यूबनं जुनी सिस्टीम बंद केली तेव्हा २०१२ च्या आसपासचे कितीतरी स्मार्ट टीव्ही न प्लेअर एका फटक्यात बिनयूट्यूबचे झाले, मशीन चांगलं असून. अ‍ॅप लवकर जुनं होतं, स्पीकर वीस-वीस वर्षं वाजतो, दोघांना एका डब्यात बांधायचंच कशाला? पण एका रिमोटचं तुमचं पटलं. त्याला उपाय आहे, अ‍ॅम्पला एचडीएमआय एआरसी असलं आणि टीव्हीलाही असलं की एका वायरीत टीव्हीचा आवाज येतो आणि टीव्हीच्याच रिमोटनं कमीजास्त होतो. पुष्कळ जुन्या ऑल-इन-वनला एचडीएमआय नुसतं आऊट असतं, एआरसी नसतं, ते मागं वाकून बघूनच घ्या.

विश्रामबागकर, तुमच्या बाबांसाठी पाच स्पीकर हवेतच कशाला? खाँसाहेब १९३७ ला गेले, ते सगळं रेकॉर्डिंग मोनो. ते पाच स्पीकरमधनं फिरवलं की गाणारा हौदात उतरून गातोय असं वाटतं. दोन बरे स्पीकर, एक स्टिरिओ अ‍ॅम्प, सीडीला साधा डीव्हीडी प्लेअर लाल-पांढऱ्या पिनेनं, बास. तेवढ्याच पैशात बसेल.

विश्रामबागकर:
सगळ्यांचे आभार. काल बाबांनाच घेऊन गेलो, ते निघताना डब्यातली एक सीडी शर्टच्या खिशात घालून आले. पोरानं आधी त्याचा पेन ड्राइव्ह लावला, धडाडधूम, काचा थरथरायला लागल्या. बाबा म्हणाले आता माझी लाव. लावली तर मागचा तानपुरा कुठं ऐकूच येईना, नुसता घुमारा. दोनच मिनिटात म्हणाले बंद कर बाबा. मग पलीकडच्या दुकानात दोन स्पीकर आणि एआरसीवाला अ‍ॅम्प ऐकला, तिथं अर्धा तास खुर्ची सोडेनात. साडेसतरा सांगतोय. मिस्त्री, स्टॅबिलायझर लागेल का ह्याला?

मिरजेचा_मिस्त्री:
लाईट फार नाचत असेल तर छोटा टीव्हीचा लावा. अ‍ॅम्प मात्र जमिनीवर ठेवू नका, कृष्णाकाठ भाऊंना विचारा.