मदत हवी आहे : महोत्सवासाठी छोटी नाटकं आणि स्वगतं सुचवा

२० मिनिटांच्या आत बसणारी नाटकं आणि निवडचाचणीसाठी ३ मिनिटांची स्वगतं हवी आहेत. दोन प्रयोगांच्या मध्ये रंगमंच मोकळा करायला ५ मिनिटंच मिळतात आणि प्रकाशयोजना सगळ्यांना एकच, त्यामुळे टेबल आणि दोन खुर्च्यांवर भागेल असंच सुचवा. वाचनाला १६ मिनिटांच्या वर जाणारी संहिता नको. हालचाली बसल्या, विराम आले, प्रेक्षक हसले की ३-४ मिनिटं सहज वाढतात आणि शेवट घाईत उरकावा लागतो.

स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गचं 'द स्ट्राँगर' (१८८९) यादीत आहे. दोन बायका, बोलते एकच. कठीण भूमिका मात्र गप्प बसणारीची : मासिकाचं पान उलटताना तिचा हात थांबला, तर समोरचीच्या वाक्याचा अर्थ बदलतो. अशीच, मौनाला काम देणारी आणखी नाटकं कुठली?

स्वगतात कुणाशी बोलतोय ते पहिल्या दोन वाक्यांत कळावं आणि मध्यावर पात्राला काहीतरी नवं उमगावं. नुसत्या आठवणी सांगणारे, पहिल्या ओळीपासून रडणारे उतारे नकोत. नटाला चढायला जागाच उरत नाही. रशियन नाटककार चेखवच्या, तंबाखूवर भाषण द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाच्या एकपात्री नाटकातून तुकडा काढला तर व्याख्यान घसरत कबुलीजबाबापर्यंत जातं, ती घसरणच हरवते. ते कुठून कुठपर्यंत कापावं?

पन्नाशीपुढच्या अभिनेत्रींसाठी फारच कमी सापडतंय, ते आधी सांगा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नावही लिहा. मूळ नाटक हक्कमुक्त असलं तरी अनुवादाची परवानगी वेगळी लागते.