हिरव्या तलावातला कार्बन शेवटी जातो कुठे?

प्रश्न – काठावरचा
मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी १८९१ साली बांधलेल्या पवई तलावाच्या काठाने मी रोज सकाळी फिरतो. जलपर्णीच्या कडेला गाळातून बुडबुडे येताना दिसतात. परवा काठीने तळ जरासा ढवळला, तर ते भराभर वर आले आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. शेवाळ आणि जलपर्णी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, हे शाळेत शिकलो आहे. मग सांडपाण्यावर फोफावलेला तलाव हवामानाच्या दृष्टीने चांगलाच म्हणायचा का?

उत्तर – सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका
आपण काठीने जे केले, तेच १७७६ साली आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी केले होते. गाळ ढवळून त्यांनी बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो, हे दाखवून दिले. तो वायू म्हणजे मिथेन. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला आलेला वास हायड्रोजन सल्फाइडचा असणार.

आता मूळ शंकेकडे येते. दिवसा नीलहरित जिवाणू आणि शेवाळ इतक्या वेगाने कार्बन उचलतात की भर दुपारी पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) ९च्याही वर जाऊ शकतो. त्या वेळी मोजमाप केले, तर तलाव कार्बन शोषतो असेच दिसेल. पण शोषलेला कार्बन साठून राहत नाही. काही भाग पेशींतून पाण्यात विरघळतो आणि परपोषी, म्हणजे तयार अन्नावर जगणारे, जिवाणू तो लगेच खातात. त्यातल्या थोड्याचे त्यांचे शरीर बनते, बराचसा श्वसनातून पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते, म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे तोंड वर काढून पृष्ठभागावर येतात.

उरलेला भाग मरून तळाशी बसतो. गाळात काही मिलिमीटर खालीच प्राणवायू संपतो आणि मग जिवाणू प्राणवायूऐवजी क्रमाने नायट्रेट, लोह आणि सल्फेट वापरून कुजवण्याचे काम पुढे नेतात. गोड्या पाण्यात सल्फेट समुद्राच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे शेवटचा वाटा मिथेन बनवणाऱ्या आर्कियांकडे, म्हणजे जिवाणूंसारख्याच पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांकडे, जातो. काही जाती अ‍ॅसिटेटपासून, तर काही हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो, त्यामुळे आत गेलेला आणि बाहेर आलेला कार्बन नुसता वजनाने ताडून चालत नाही.

गाळातून हळूहळू पसरत वर येणारा मिथेन, जिथे प्राणवायू भेटतो तिथे मिथेनभक्षक जिवाणूंच्या तावडीत सापडतो आणि त्याचा मोठा भाग तिथेच संपतो. बुडबुडा मात्र त्यांना चुकवून क्षणात वर येतो, आणि उथळ पाण्यात तर त्याला अडवायला अंतरच नसते. म्हणूनच आपल्याला दिसलेले बुडबुडे मला महत्त्वाचे वाटतात.

उत्तर – जलाभ्यासक
एक भर घालतो. मूळ कारण कार्बन नाही, फॉस्फरस आहे. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात सरोवरांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९७३ साली ‘सरोवर २२६’ पडदा घालून दुभागले. दोन्ही बाजूंना साखरेच्या रूपात कार्बन आणि शिवाय नायट्रोजन घातला, फॉस्फरस एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. शेजारच्या ‘सरोवर २२७’मध्ये तर १९६९ पासून कार्बन न घालताच शेवाळ माजले, कारण लागेल तेवढा कार्बन त्याने हवेतून ओढून घेतला. सांडपाण्यातला फॉस्फरस अडवल्याशिवाय गाळातल्या आर्कियांचा शिधा तुटणार नाही.

काठावरचा
दोघांचेही मनापासून आभार. जलपर्णी काढून काठावर ढीग घातला, तर निदान तेवढा कार्बन तरी वाचेल ना?

सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका
तळाशी जाण्यापासून वाचेल. मात्र ओला, दाबलेला ढीग आतून प्राणवायूविनाच कुजतो आणि तिथेही मिथेन तयार होतो. शिवाय पहिल्या मोठ्या पावसात त्यातला फॉस्फरस वाहून पुन्हा तलावातच येतो. म्हणून ती काठापासून दूर न्यावी, पसरून सुकवावी आणि वरखाली करत राहून तिचे खत करावे.