मदत हवी आहे: 'हाल्ला' हा ग्रह वाचला कसा?

ध्रुवमत्स्य तारकासमूहात, पाचशेहून अधिक प्रकाशवर्षांवर, 'बेकडू' नावाचा राक्षसी तारा आहे. त्याच्याभोवती 'हाल्ला' हा गुरूपेक्षाही वजनदार ग्रह ९३ दिवसांत एक फेरी मारतो. कोरियन खगोलशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये तो शोधला. अंतर जेमतेम ०.५ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्मं.

माझं घोडं पुढे अडतं. नासाच्या 'टेस' या अंतराळ दुर्बिणीने ताऱ्याची कंपनं मोजली, तेव्हा त्याच्या गाभ्यात हेलियम जळत असल्याचं दिसलं. या टप्प्याआधी तारा फुगून ०.७ एककांपर्यंत गेला असणार. मग हाल्ला गिळला कसा गेला नाही? २०२३ च्या शोधनिबंधात दोन शक्यता आहेत: एकतर बेकडू हा मुळात दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून बनला आणि त्यामुळे फार फुगलाच नाही, किंवा त्या विलीनीकरणातल्या वायूतूनच हाल्ला नंतर जन्मला. दुसरी मला जरा ओढूनताणून वाटते, पण ते माझं मत.

जाणकारांनी कृपया सांगावं: गाभ्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जाळणारा आणि गाभ्यात हेलियम जाळणारा असे दोन तारे बाहेरून जवळपास सारखेच दिसतात, तर कंपनांवरून फरक नेमका कसा कळतो? 'पिरियड स्पेसिंग' (लागोपाठच्या कंपनांच्या आवर्तकाळांमधला फरक) ही भानगड वाचली, पण आकडा कमी-जास्त का होतो ते डोक्यात शिरलं नाही. गणित थोडं असलं तरी चालेल. आणि विलीनीकरणाचा दुसरा काही पुरावा ताऱ्यात सापडू शकतो का, उदाहरणार्थ लिथियमचं प्रमाण?